फिजिक्स करून पुढे काय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात फिजिक्समधल्या करिअरबद्दल काहीही विचारा असं लिहिलं आणि इनबॉक्स भरून वाहिला. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, मॅडम, कुठल्या ब्रँचला स्कोप आहे? हा प्रश्न मला कधीच कळलेला नाही, कारण पाच वर्षांनी कशाला स्कोप असेल हे मलाही माहीत नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. त्यामुळे मी प्रश्न जरा फिरवून घेतलाय. त्या ब्रँचमधला माणूस सकाळी अकरा वाजता नेमकं काय करत असतो ते सांगते. ते काम रोज करावंसं वाटलं तर जा, नाहीतर नाव कितीही भारी असो, नका जाऊ.

प्रश्न: मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लॅक होल, स्ट्रिंग थिअरी वगैरेचे व्हिडिओ बघून थिअरेटिकल फिजिक्सच करायचं हे माझं पक्कं झालंय. पण आमचे सर म्हणतात थिअरीत जागा नसतात, एक्सपरिमेंटलला जा. कोणाचं ऐकू? – विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: सरांचं अर्धं ऐक. जागा कमी असतात हे खरं आहे. लॅब चालवायला हात लागतात म्हणून एक्सपरिमेंटवाले जास्त मुलं घेतात, थिअरीच्या गाईडकडे एखाद-दुसराच विद्यार्थी असतो. पण थिअरी म्हणजे फक्त ब्लॅक होल असं जे तुझ्या डोक्यात बसलंय ना ते आधी काढ.

एक टोक म्हणजे अभय अष्टेकरांचं काम. हे मूळचे आपल्या शिरपूरचे. १९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं वेगळ्याच चलांमध्ये मांडून दाखवली, त्यांना आता अष्टेकर व्हेरिएबल्स म्हणतात, आणि गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांची सांगड घालू बघणारं लूप क्वांटम ग्रॅव्हिटी नावाचं आख्खं क्षेत्र त्यावर उभं राहिलं. या टोकाला सकाळी अकरा वाजता फळा, वही, एखादा माणूस भांडायला, आणि काल बरोबर वाटलेलं गणित आज का चुकतंय याचा शोध. हे महिनोन्‌महिने चालू शकतं. प्रयोगाने कोणी तुला बरोबर-चूक सांगेल याची तर आशाच सोड, निदान लवकर तरी नाही.

मग मधली जात आहे, फेनॉमेनॉलॉजी. नाव अवघड आहे पण काम समजायला सोपं. रोहिणी गोडबोले यातल्या. पुण्याच्या हुजूरपागेच्या, मग एसपी कॉलेज, आयआयटी मुंबई, अमेरिकेत स्टोनी ब्रूकला पीएचडी आणि नंतर बंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये प्रोफेसर, २०२४ मध्ये गेल्या. समजा थिअरीवाला म्हणाला की असा असा कण असला पाहिजे, तर तो कुठल्या कोलायडरमध्ये (कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात), कुठल्या टकरीत दिसेल, दिसला तर दुसऱ्या कुठल्या कणासारखा दिसून आपल्याला फसवेल, हे आधी गणित करून सांगायचं काम फेनॉमेनॉलॉजीवाल्यांचं. यांना थिअरीही लागते आणि डिटेक्टरची भाषाही.

आणि तिसरी, जी व्हिडिओत कधीच येत नाही, कॉम्प्युटेशनल कंडेन्स्ड मॅटर, म्हणजे घन-द्रव पदार्थांचं फिजिक्स कॉम्प्युटरवर. डेन्सिटी फंक्शनल थिअरी नावाची इलेक्ट्रॉनचं गणित करायची पद्धत वापरून एखादा पदार्थ प्रत्यक्ष बनवायच्या आधीच तो वीज वाहील का, चुंबक होईल का हे सुपरकॉम्प्युटरवर काढायचं. अकरा वाजता काय, तर रात्री टाकलेला जॉब क्रॅश झालाय आणि का झालाय ते बघणं. ग्लॅमर शून्य, पण इथे जागा आहेत आणि बॅटरी, सेमीकंडक्टरच्या कंपन्यांनाही ही माणसं लागतात.

आता एक कर. अर्काइव्ह नावाची फुकट पेपरांची साठवण १९९१ पासून चालू आहे, जगभरचे फिजिक्सवाले जर्नलच्या आधी पेपर तिथेच टाकतात. महिनाभर रोज ग्रॅव्हिटी, कंडेन्स्ड मॅटर, अॅस्ट्रो अशा दोन-तीन विभागांचे नुसते गोषवारे वाच. कळणार काहीच नाही, त्याची लाज नको. फक्त कुठलं न कळल्याची चिडचिड होते ते बघ. आणि व्हिडिओ बघताना नव्हे, क्लासिकल मेकॅनिक्सचं एकच गणित तिसऱ्यांदा अडलं तरी सोडवावंसं वाटतं का ते बघ. वाटत असेल तर पुढच्या प्रवेशपरीक्षा दे, जॅम दे, जेस्ट दे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची परीक्षा दे, आणि सरांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न: मुलगा एमएस्सी फिजिक्स करतोय, पुढे पीएचडी म्हणतो. आमचा यंत्रमागाचा छोटा धंदा, घरात कोणी एवढं शिकलेलं नाही. किती वर्षं लागतात, पैसे किती मिळतात आणि शेवटी नोकरी लागते का, हे स्पष्ट सांगा. – एक वडील, इचलकरंजी

उत्तर: दादा, स्पष्टच सांगते. भारतात चांगल्या ठिकाणी फिजिक्सच्या पीएचडीला फी भरून घरचे पैसे घालवायची वेळ सहसा येत नाही, उलट स्टायपेंड मिळतो. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर तिची एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, आणि हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. पैसे कधीकधी उशिरा येतात, तेवढी तयारी ठेवा. फेलोशिप असते पाच वर्षांची, पीएचडीला मात्र पाच-सहा सहज लागतात, म्हणजे शेवटचे काही महिने ओढाताणीचे.

पुढे पोस्टडॉक. म्हणजे दोन-तीन वर्षांची तात्पुरती संशोधनाची नोकरी, बरेचदा परदेशात, आणि अशी एक नाही तर दोन करून मग कुठे आयसर (सरकारी विज्ञान संस्था), आयआयटीत अर्ज करायचा. तोवर पस्तिशी येते. लग्न, घर, आईवडिलांचं दुखणंखुपणं हे सगळं याच वर्षांत येतं आणि कुठलाही गाईड ते आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

सीनियर कॉलेजची नोकरी म्हणाल तर नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा पास होऊनही कित्येक मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात, त्यावर शिकवतायत. तास झाला तर पैसे, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. पर्मनंट जागा निघाली की काय काय व्यवहार चालतात ते तुम्हीही ऐकलं असेल, मी इथे लिहीत नाही. फक्त या एका वाटेवर भरवसा ठेवून पीएचडी करू नये असं माझं ठाम मत आहे.

पण मुलाला एक दुसरं दार दाखवा. बीएआरसीचं, म्हणजे मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्राचं, ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासून चालू आहे. एमएस्सीला किमान ६०% हवेत, मग गेट परीक्षेचा स्कोअर किंवा त्यांची स्वतःची परीक्षा, त्यानंतर मुलाखत. मुलाखत खरंच अवघड असते, तुमच्या आवडीचे विषय विचारतात आणि त्यातच सोलून काढतात. निवड झाली तर एक वर्ष स्टायपेंडवर शिकायचं आणि पास झालं की अणुऊर्जा विभागात थेट सायंटिफिक ऑफिसर. पीएचडी नंतर नोकरीत राहूनही करता येते. वयाची अट कडक आहे, एमएस्सीनंतर दोन-तीन वर्षं विचार करण्यात घालवली तर हे दार बंद होतं. त्याला शेवटच्या वर्षातच फॉर्म भरायला लावा.

प्रश्न: मॅडम तुम्ही स्वतः काय काम करता? खरं खरं सांगा, वेबसाइटवरचं नको. – अकरावी सायन्स, नाशिक

उत्तर: बरं, खरं खरं. मी लो टेम्परेचरवाली आहे. कंडेन्स्ड मॅटर, म्हणजे घन आणि द्रव पदार्थांचं फिजिक्स. वर्तमानपत्रात येत नाही पण जगात सगळ्यात जास्त फिजिसिस्ट याच विषयात आहेत, तुझ्या मोबाइलची चिप, हार्ड डिस्क, एलईडी सगळं इथूनच आलं. माझी लॅब पदार्थांना प्रचंड गार करून त्यातून वीज कशी वाहते ते मोजते. गार म्हणजे किती? केल्विन म्हणजे शक्य तितक्या सगळ्यात थंड तापमानापासून मोजलेले अंश. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, ते आमच्याकडे प्राथमिक शाळा. द्रव हीलियम ४.२ केल्विनला. त्याच्याही खाली डायल्यूशन फ्रिज, तो केल्विनच्या शंभराव्या भागापर्यंत नेतो.

आणि सकाळी अकरा वाजता मी काय करत असते? बहुतेक वेळा लीक शोधत असते.

हसू नकोस. गार करायचं तर भोवती व्हॅक्यूम लागतो, आणि व्हॅक्यूम म्हटला की तो कुठून तरी गळतो. मग लीक डिटेक्टर जोडायचा. त्यात एक मास स्पेक्ट्रोमीटर असतो जो फक्त हीलियमचा वास घेतो असं समज. आत पंप चालू, बाहेर आपण हीलियमच्या सिलेंडरला बारीक नळी लावून एकेका जोडावर हळूच फुंकर मारत फिरायचं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात बघतात तसंच, फक्त उलटं, इथे हवा बाहेर येत नाही, हीलियम आत शिरतो. सुरुवात वरून करायची, कारण हीलियम हलका, वर जातो, खालचा जोड आधी तपासलास तर वरचा लीक उगाच बोंब मारतो आणि तू भलत्याच जागी शोधत बसतोस. आकडा उडी मारतो त्या जोडाला लीक. कधी ओ-रिंगवर, म्हणजे जोडातल्या गोल कड्यावर, एक केस असतो. कधी फ्लँजवर (जोडाच्या धातूच्या चकतीवर) नखाने ओढल्यासारखी रेघ. थंड भागात तर रबराची ओ-रिंग चालतच नाही, काचेसारखी कडक होते, तिथे इंडियम नावाच्या मऊ धातूची तार गोल फिरवून दोन फ्लँजमध्ये दाबायची. ती गारठ्यातही मऊ राहते. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, एकाच बाजूने आवळत गेलास की तार एकीकडे चेपते आणि पुन्हा सगळं खोलायचं. नवीन पीएचडीच्या मुलांना पहिले काही महिने हेच काम. त्यातली काही पळतात.

पण जी टिकतात त्यांची गंमत बघ. ज्याला व्हॅक्यूम आणि लीक नीट कळतं त्याला अॅक्सलरेटरवाले घेतात, चिप बनवणाऱ्या कंपन्या घेतात, अवकाशात जाणारी उपकरणं तपासणारे घेतात. आणि आता क्वांटम कॉम्प्युटरवाले. २०२३ मध्ये सरकारने नॅशनल क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३ कोटींचं, २०३०-३१ पर्यंतचं. सुपरकंडक्टिंग क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचे मूळ घटक, चालवायचे तर तोच डायल्यूशन फ्रिज लागतो आणि तो चालवणारी माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत. माझ्या विषयाचं नाव ऐकून नाक मुरडणारे नातेवाईक हल्ली क्वांटम क्वांटम करत फोन करतात. काम तेच आहे हो, लीक शोधायचं.

प्रश्न: एमएस्सी फिजिक्स झालंय, चांगले ७१% आहेत. रिसर्च नको, शिकवणंही नको. पण फिजिक्स सोडून बँकेच्या परीक्षा द्यायचंही जीवावर येतंय. मेडिकल फिजिक्सबद्दल ऐकलं, ते काय असतं? – लातूर

उत्तर: तुमच्यासारख्यांसाठीच आहे ते, आणि आपल्याकडे फार कमी मुलांना माहीत आहे. कॅन्सरच्या हॉस्पिटलमध्ये रेडिएशन देतात, म्हणजे लोक ज्याला शेक देणं म्हणतात. कुठे आणि किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. पण मशीनमधून ठरलेला डोस ठरलेल्या ठिकाणीच पडतोय ना, आणि शेजारच्या चांगल्या अवयवाला कमीत कमी लागतोय ना, हे बघणारा माणूस म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट. हॉस्पिटलला तो ठेवावाच लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे, त्याच्याशिवाय रेडिओथेरपीचा विभाग चालवता येत नाही.

दिवस लवकर सुरू होतो. पहिला पेशंट यायच्या आधी लायनॅक, म्हणजे लिनिअर अॅक्सलरेटर, गरम करून घ्यायचा आणि रोजची क्यूए, म्हणजे तपासणी, करायची. टेबलवर फँटम ठेवायचा, साधारण शरीरासारखं रेडिएशन शोषणारा ठोकळा, त्यात डोस मोजणारा आयन चेंबर, खोलीतले लेझर जुळवायचे, बाहेर येऊन जाड दार लावायचं आणि बीम चालू. लायनॅक अशी लावलेली असते की ठरलेल्या परिस्थितीत मशीनच्या १०० मॉनिटर युनिटला १ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) डोस पडावा. आकडा तीन टक्क्यांच्या आत आला तर पुढे जायचं. बाहेर गेला तर पेशंट थांबवायचे. आणि इथे खरी कसोटी लागते, कारण बाहेर सकाळी गावाहून एसटीने आलेली माणसं उपाशीपोटी बसलेली असतात, डॉक्टर घड्याळ बघत असतात, आणि तुम्ही बिगरडॉक्टर माणूस सांगत असता की अजून नाही, मी पुन्हा मोजणार आहे. हे सांगता येत असेल तरच या लाइनीत जा.

मग दिवसभर प्लॅनिंग. डॉक्टर सीटीच्या एकेका स्लाइसवर गाठ आणि आजूबाजूचे अवयव आखून देतात, तुम्ही कॉम्प्युटरवर बीम कुठल्या कोनातून, किती वजनाचे हे बसवता. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये तर, आपल्याकडे तंबाखूमुळे हे पेशंट भरपूर, मणक्याची नस, लाळग्रंथी, डोळ्याची नस सगळं सेंटिमीटरभर अंतरावर असतं आणि एक वाचवायला गेलं की दुसऱ्याला लागतं. संध्याकाळी पेशंट संपले की उद्याचे प्लॅन फँटमवर चालवून बघायचे. कॉम्प्युटरने सांगितलेला डोस आणि खरोखर पडलेला डोस जुळतो का, त्याला गॅमा पास होणं म्हणतात. नाही झाला तर जेवण थंड.

वाट अशी: एमएस्सी फिजिक्सनंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, बीएआरसीचा सगळ्यात जुना आणि मानाचा, एंट्रन्स असते, जागा मोजक्या. नंतर वर्षभराची इंटर्नशिप आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. काही विद्यापीठांत मेडिकल फिजिक्सची थेट एमएस्सी पण आहे, मात्र फी भरायच्या आधी तो कोर्स नियामक मंडळाच्या मान्यतेत बसतो का हे स्वतः तपासा, कॉलेजच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. नोकऱ्या मोठ्या शहरांतच असतात असंही नाही, जिल्ह्याच्या गावांतही आता लायनॅक बसतायत.

प्रश्न: आमच्या औंढा नागनाथला लायगो होतंय. स्थानिक मुलांना तिथे फिजिसिस्ट म्हणून घेतील का? – हिंगोली

उत्तर: फिजिसिस्ट म्हणून घेतील ते मुलगा औंढ्याचा आहे म्हणून नाही, काम येतं म्हणून. पण कुठलं काम ते समजून घ्या. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींतून उठणारे तरंग, पकडणारी वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनातल्या नळ्या, आत अति-उच्च व्हॅक्यूम, टोकाला ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर लटकवलेले, आणि लेझरने त्यांच्यातलं अंतर मोजायचं. गुरुत्वीय लहर आली की ते अंतर प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढं हलतं. अमेरिकेतल्या दोन लायगोंना पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला सापडली, जाहीर झाली फेब्रुवारी २०१६ मध्ये. आपल्या प्रकल्पाला २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने २,६०० कोटी मंजूर केले. पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट आणि गांधीनगरची आयपीआर या संस्था त्यात आहेत.

म्हणजे लागणारी माणसं कोण? लेझर आणि ऑप्टिक्सवाले, व्हॅक्यूमवाले (वरचं नाशिकचं उत्तर वाचा), कंट्रोल सिस्टिमवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले. आइनस्टाइन तोंडपाठ असलेले तिथे थोडे, पाना-सोल्डरिंग-कोडिंग येणारे जास्त. डेटा अॅनालिसिस ही तर आपली जुनी बाजू आहे, गोंगाटात बुडलेला सिग्नल आधी गणिताने काढलेल्या साच्याशी जुळवून शोधायची पद्धत उभी करण्यात आयुकाच्या संजीव धुरंधरांचा मोठा वाटा. पण ते काम करायला औंढ्यात राहावं लागत नाही, ते कुठूनही होतं. गावात राहून काम हवं असेल तर मुलाला इन्स्ट्रुमेंटेशन, व्हॅक्यूम, ऑप्टिक्स यातलं काहीतरी हाताने करायला लावा. डिप्लोमावाल्यालाही तिथे काम असेल.

प्रश्न: मला अॅस्ट्रॉनॉमर व्हायचंय पण रात्री जागणं जमत नाही, मायग्रेन आहे. सोडून देऊ का? – म्हापसा, गोवा

उत्तर: अजिबात नको. रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीला दिवस-रात्र सारखीच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूपांनी उभी केलेली, ४५ मीटरच्या ३० डिश, १४ मधोमध आणि बाकीच्या तीन फाट्यांवर पसरलेल्या, सगळ्यात लांबच्या दोघींमध्ये साधारण २५ किलोमीटर. आणि दुर्बीण चालवायला ऑपरेटर असतात. अॅस्ट्रॉनॉमरचं काम आधीचं आणि नंतरचं. वर्षातून दोनदा प्रपोजल मागवतात, कुठल्या आकाशगंगेकडे किती तास बघायचं आणि का, ते लिहायचं, जगभरातून येतात त्यामुळे मागितलेले सगळे तास क्वचितच मिळतात. मग डेटा येतो आणि त्यात मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, सॅटेलाइट यांचा कचरा, तो निवडण्यात आठवडे. पायथॉन शीक, फूरियर ट्रान्सफॉर्म, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या वारंवारितांत फोडायचं गणित, नीट समजून घे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला मोठं प्रदर्शन भरतं, बसने ये, तिथे पीएचडीची मुलं उभी असतात, त्यांना पकडून विचार. ती आमच्यासारख्या प्रोफेसरांपेक्षा खरं बोलतात. एमएस्सीला गेल्यावर आयुका आणि एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी संस्था) यांच्या सुट्टीतल्या शाळांना अर्ज कर.

प्रश्न: वय ३४, पुण्यात आयटीत, बीई मेकॅनिकल. पैसे बरे आहेत पण मन लागत नाही, फिजिक्समध्ये पीएचडी करावी का? – हिंजवडी

उत्तर: नोकरी लगेच सोडू नका. आधी वर्षभर संध्याकाळी क्वांटम मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स गणितं सोडवत करा, नुसती लेक्चर्स बघत नाही. त्यानंतरही मन तिथेच असेल तर पीएचडीच करायला हवी असं नाही. मोठ्या प्रयोगांना चांगला सॉफ्टवेअरवाला कायम कमी पडतो. युरोपातल्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात टीआयएफआरची माणसं सुरुवातीपासून आहेत, २०१५ मध्ये हिग्ज नावाच्या कणाच्या वस्तुमानावर तिथल्याच अॅटलस आणि सीएमएसने मिळून जो पेपर काढला त्यावर ५,१५४ लेखक होते, आणि अशा प्रयोगांत कोड लिहिणारे, डिटेक्टरच्या केबल ओढणारे, रात्री शिफ्ट करणारे सगळे लेखकच धरतात. जीएमआरटी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेची मॉडेलं, क्वांटम मिशनचे प्रोजेक्ट, सगळीकडे प्रोजेक्ट सायंटिस्ट, सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या जाहिराती निघत असतात. पगार तुमच्या आत्ताच्या पगाराच्या निम्मा धरून चला आणि काँट्रॅक्ट वर्षा-वर्षाचं. होम लोन असेल तर आधी बायकोशी बोला, मग मला ईमेल करा.